पेन्सिलीचा आकडा

रविवारी तिबिलिसीच्या पुलाजवळ
नानुली चादर अंथरते.
आठवडाभर औषधांच्या दुकानात ती
किमती बिनचूक सांगते.

रंग बारा लारी, कॅनव्हास नऊ.
तासांचं काय धरायचं?
आणि डाळिंबाचा लाल काही केल्या जमेना,
त्या तीन रात्रींचं?

चित्रामागे पेन्सिलीनं सत्तर लिहिलं होतं.
बसमध्ये खोडून पन्नास.
शेजारी जुने चमचे विकणारा गुराम म्हणाला,
"शंभर सांग, साठावर ये."

गिऱ्हाईक आलं.
तिच्या तोंडून निघालं, चाळीस.
त्यानं लगेच मोजून दिले.
घासाघीस नाही, चकार शब्द नाही.

म्हणजे चुकलंच.

नोटा मुठीत तशाच,
आणि काखेत उलटं धरलेलं डाळिंब
पूल ओलांडून चाललेलं.
मागचे खोडलेले सत्तर
उन्हात अजून वाचता येत होते.