पाणकावळा, भाग चाळिसावा

ग्रिम्सबीत, मासळीच्या रिकाम्या गोदामात
या मंडळींनी यान बांधलं. सहा वर्षं लागली.
भिंती अंड्यांच्या ट्रेच्या, कप्तानाची खुर्ची
बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानातली.
वास पडद्यावर येत नाही, एवढं बरं.

मूळ मालिका अठ्ठ्याहत्तर साली थांबली होती
एकोणचाळिसाव्या भागात, यान अंधारात शिरताना.
'कॉर्मोरंट' नाव त्याचं. आमचे हे म्हणायचे, पाणकावळा.
बुडी मारलीय, म्हणायचे, येईल वर.
ह्यांना जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

काल मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये
चाळिसावा भाग दाखवला.
बावन्न मिनिटं. मग चहा, आणि मतं.

पोस्टमन डेनिस म्हणाला, कप्तानाचं पोट
कप्तानाच्या आधी खोलीत येतं.
मॉरीन थर्कलचं म्हणणं, दार चुकलं.
तेव्हा ते उघडताना सुस्कारा टाकायचं,
आता नुसतं उघडतं, फ्रीजसारखं.
कसा सुस्कारा, कुणीतरी विचारलं. तिनं टाकून दाखवला.
हॉलमधली सगळी पिकली डोकी एकदम गप्प.

रॉनल्ड ग्रीसवुड प्रत्येक भागाची वही ठेवतो.
तिसऱ्या चंद्रावर हवाच नव्हती, म्हणाला,
सव्विसावा भाग पाहा, मग झेंडा फडफडला कसा?
शास्त्रशुद्ध बोलत होता. पण अंधारात तीनदा रडला होता,
माझ्याच रांगेत होता, मी पाहिलं.

कुणाची तरी नात, टॅम्सिन, तिला यातलं काहीच ठाऊक नाही.
तिनं विचारलं, एवढे लोक निघालेत,
तर घरी कुणी त्यांची वाट बघत नाहीये का?
याची नोंद कुणाच्याच वहीत नव्हती.

मग पुन्हा डेनिस: तो मागे बसलेला माणूस.
तो कधी बोलत नसे. त्याला वाक्य का दिलं?

तो मागे बसलेला माणूस.
सावळा, भांग पाडलेला, एकोणचाळीस भाग
हिरवी बटणं दाबत राहिला.
नाव नाही. शेवटच्या यादीतसुद्धा नाही.
आम्ही नवे होतो इथे. मी रात्रपाळीची नर्स,
हे मासळीच्या फॅक्टरीत, बर्फ खात्यात.
मंगळवारी सातला ताटं मांडीवर घेऊन बसायचो,
आणि तो दिसला की हे चमचा उगारायचे: आला बघ आपला!
मग त्याच्या वतीनं बोलायचे, नाकातून, अस्सल सातारी:
'कप्तान, उल्का ऱ्हाऊ द्या, च्या टाकू का?'
'सायेब, डाव्या इंजनात भाताची शितं अडकल्याती.'
'रजेचा अर्ज दिलाय, चार महिनं झालं.'
मी ठसका लागेपर्यंत हसायची.
पुढचं इंग्रजी ऐकूच यायचं नाही,
त्यामुळे गोष्ट मला अजून धड माहीत नाही.

नव्या भागात त्याला नाव आहे. कुमार.
पुढेमागे काही नाही, नुसता कुमार.
चष्मेवाल्याचा मुलगा, ताठ उभा राहून म्हणाला,
'उष्णता कमी होतेय, कप्तान.'
वाक्य चांगल्या मनानं दिलेलं. लिहिणाऱ्या बाईनं
त्या क्षणी वळून माझ्याकडे पाहिलं होतं.
मी मान हलवली. काय करणार?

चिठ्ठी आली हातात. पाचपैकी किती, आणि अभिप्राय.
मी चारला गोल केला. खाली लिहिलं:
सेट छान. खुर्ची छान. कुमारचा आवाज
असा नव्हता.

लिहून झाल्यावर हसू आलं. मीही त्यांच्यातलीच की,
सुस्कारा मागणारी.
खोडावं म्हटलं तर पेन मॉरीन घेऊन गेलेली.

खुर्च्या रचताना रॉनल्डनं हळूच विचारलं,
कसा होता मग, त्याचा आवाज?
मी इकडेतिकडे पाहिलं, नाक चिमटीत धरलं,
आणि इंजिनातल्या शितांचं सगळं सांगितलं.

त्याला अर्थातच एक अक्षर कळलं नाही.
त्यानं वही काढली.
म्हणाला, जरा सावकाश. कितवा भाग?