ऑक्सिजनचा नियम

चार खेळ छापून आणलेत मी झेरॉक्सवाल्याकडून,
खामल्याच्या या खोलीत, कूलरच्या तोंडाशी मांडलेत,
पानं उडू नयेत म्हणून वर फासे ठेवून.

पहिल्यात पृथ्वी संपलेली असते.
गुणवंत म्हणतो, काहून बे,
कोराडीला रात्रपाळी करतो मी,
राख रोजच पाहतो. दुसरं दाखव.

दुसऱ्यात यान कंपनीचं, श्वासही कंपनीचा,
पगारातून कापून घेतात.
मिहानमधून मार्चमध्ये काढलेली प्रणोती
इतकी हसली की चहा सांडला नकाशावर,
गुरूच्या एका चंद्रावर
तपकिरी समुद्र झाला.

तिसरा मीच बाजूला सारला.
त्यात दर फेरीला ऑक्सिजन मोजावा लागतो
आणि संघमित्रा मेडिकलला नर्स आहे.
त्या एप्रिलबद्दल ती बोलत नाही.
आम्ही विचारत नाही.

तेवढ्यात लाइन गेली.
कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं,
वाळ्यातून पाणी तेवढं ठिबकत राहिलं.

अंधारात तिनंच चाचपून उचलली ती पानं,
मोबाइलच्या उजेडात नियम वाचला, दोनदा,
आणि म्हणाली, हे चुकीचं लिहिलंय.
आकडा आपोआप शून्य होत नाही कधी.
एकाचा काढून दुसऱ्याला लावतात.
कोणाचा काढायचा,
तो फासा कोण टाकते, ते लिही आधी.

मग तिनं पेन्सिल मागितली.

चौथा खेळ कोणता होता
ते कुणी विचारलंच नाही.