सोडियमचा दिवा

सोडियमचा दिवा तापायला दहा मिनिटं घेतो.
आधी लाजल्यासारखा तांबूस, मग हळदीचा.
टिळकवाडीतली आमची प्रयोगशाळा,
पडदे ओढलेले, पंखा बंद,
आणि गंगव्वा तळवार विचारते,
"रिबेका, तुमच्या देवानं पहिल्यांदा उजेड केला म्हणे,
कुठल्या तरंगलांबीचा?"

मी हसले. तीही हसली.
मग दुर्बिणीला डोळा लावून
स्क्रू केसभर फिरवत बसलो दोघी.
एकच वाटणारी पिवळी रेघ
नीट जुळवली तर दोन निघतात.
हुद्दार सर म्हणतात, घाई करणाऱ्याला एकच दिसते.

शुक्रवारी चारनंतर खोली क्रमांक चौदा.
बाकं गोल मांडायची, सहा-सात जण,
कुणाच्या तरी डब्यात कुंदा,
फळ्यावर मागच्या आठवड्याचा प्रश्न न पुसलेला:
मेंदू थांबला की मी कुठे?
मराठीत निघालेलं वाक्य कन्नडमध्ये वळतं,
इंग्रजीत अडकतं,
शेवटी हातवाऱ्यांनी पलीकडे जातं.
सीमा म्हटलं की इथे आधी कोर्टाची तारीख आठवते.
श्रद्धा कुठवर आणि शास्त्र कुठून,
त्या शेताची मोजणी करायला
अजून कुणी साखळी घेऊन आलेलं नाही.

एकदा हुबळीहून पाहुणे आले, कोटातले.
विश्वाचे स्थिरांक मांडत गेले फळाभर:
हा एवढा नसता तर तारे नसते,
तो तेवढा नसता तर आपण नसतो.
मला आवडलं ते, खरंच. मान डोलली माझी.
मग गंगव्वा उभी राहिली.
"सर, माझी धाकटी बहीण मलप्रभेच्या पुरात गेली.
पाण्याची घनता बरोबर होती.
गुरुत्वाकर्षण बरोबर होतं.
सगळे आकडे
जिथल्या तिथे होते."

खडू थांबला.
पाहुणे भले होते. "मला माहीत नाही," म्हणाले,
आणि कोट काढून
आमच्यातल्या एका बाकावर बसले.

माझी आई खानापुरात, मिशनच्या दवाखान्यात,
तेवीस वर्षं रात्रपाळी.
रविवारच्या शाळेत मी विचारलं होतं, देवाला कुणी केलं?
बाईंनी कान पिरगाळला.
आई म्हणाली, ताप आला म्हणून लेकराला कुणी मारतं का?
काखेत थर्मामीटर ठेवायचा
आणि पारा थांबेपर्यंत
जवळ बसायचं.

त्या संध्याकाळी दुसरं गेट बंद होतं.
मालगाडी संपता संपेना.
मी सांगितलं तिला, जे मला कधीच सुटलं नाही ते:
मित्राच्या कबरीपाशी तो रडला.
घटकाभरात उठवणारच होता त्याला,
माहीत होतं, तरी रडला.
का, ते मला कळत नाही, गंगव्वा.
पण न रडता उठवणारा असता
तर मी रविवारी झोपून राहिले असते.

"आणि माझ्या बहिणीला?"

एकेचाळीस, बेचाळीस, डबे मोजत राहिले.
गेट उघडलं. रिक्षावाले हॉर्नवर बसले.
ती माझा हात धरून रूळ ओलांडली;
उत्तर मिळाल्यासारखा नव्हे,
खडीत पाय मुरगळेल म्हणून.

सोमवारी पुन्हा प्रॅक्टिकल.
या वेळी तिनं आधी डोळा लावला.
"बघ की, दोन दिसूलालेत."
मी आकडे लिहून घेतले, शेवटी त्रुटीचा रकाना.
तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं:
"तुमच्या प्रार्थनेत असतो काय गं हा रकाना?"

मी म्हटलं, आईला विचारून सांगते.
दिवा बंद केला.
त्याच्या पेटीवर हात ठेवून पाहिला तिनं,
बराच वेळ.