नाव काढणे

सभेत हात वर झाले, मोजले गेले,
आणि दुपारी चिटणीस क्लेओफान्तोस माझ्या दारात:
"दमासिआस, राजाचं नाव काढायचंय.
अकरा ठिकाणी आहे. उद्या उजाडताच ये."

ते नाव माझ्या बापानं कोरलं होतं.
मी सात वर्षांचा, शिडी धरून उभा.
अक्षरांत लाल रंग भरायला तो मला द्यायचा,
म्हणायचा, सांडू नकोस, देवाच्या पंक्तीतला माणूस आहे.
त्या साली राजानं जकात माफ केली होती,
घराघरांत पाय पसरून बसलेले शिपाई उठवले होते.
आम्ही त्याला सोन्याचा मुकुट दिला,
नाटकाच्या वेळी पुढची जागा,
आणि एक महिना.
हो, महिना. द्राक्षं उतरतात तो.
जुनं नाव मोडून राजाचं लावलं.

आता राजा दुसरा आहे.
त्याचंही पत्र "सभेला आणि लोकांना नमस्कार" असंच सुरू होतं.
अक्षर मात्र जरा बरं आहे.

काळ्या दगडावरची रेघ, अशी बोलायची रीत.
आमचा दगड पांढरा, पण हट्टाला तितकाच पक्का.
छिन्नी तिरपी धरली, पहिलं अक्षर उडालं,
तोंडात चुन्याची चव आली.
बापाचा हात मला पाठ होता:
कुठे श्वास धरला, कुठे जेवून आला,
कुठे चिटणिसावर चिडला होता.
तिसऱ्या ठिकाणी नावाच्या बाहेर एक ओरखडा आहे.
माशी बसली म्हणून मी शिडी हलवली होती.
त्यानं मेण भरून लपवला, मला मारलं नाही.
मेण केव्हाच गळून गेलं.
ओरखडा नावात मोडत नव्हता.
राहू दिला.

खालून म्हातारी मिर्तो जात होती,
कानानं अधू, डोक्यावर अंजिरांची पाटी.
"काय करतोस रे?"
नाव काढतोय, आजी.
"बापाचं?" ती हसली. "काढ, काढ. गुणी आहेस."

मजुरीवरून मात्र वाजलं.
मी म्हटलं, बापाला शंभर अक्षरांना एक द्राख्मा होता.
क्लेओफान्तोस म्हणाला, ते घालण्याचे. काढण्याचे रोजावर.
दिवसाला चार ओबोल. चार दिवस लागले.
नावात नऊ अक्षरं, अकरा वेळा:
एक कमी शंभर.
म्हणजे राजा बसवायला द्राख्माही पुरता लागला नव्हता,
उठवायला अडीचच्या वर गेले.

आणि मग सिमोस कोळ्याचं प्रकरण.
त्यानं जाळ्यांसाठी आग्लाओफोनकडून तीस द्राख्मा घेतले होते,
फेड राजाच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला.
न्यायसभेत उभा राहून तो म्हणतो,
"महिना दाखवा. आहे कुठे? तुम्हीच काढलात ना?"
एकवीस पंच, एकही हसल्याशिवाय राहिला नाही.
हसून झाल्यावर खडे टाकले:
फेड करावी,
पूर्वी ज्याला तसं म्हणत त्या महिन्यात.
कसं, ते कुणी उच्चारलं नाही.
सगळ्यांना ठाऊक होतं.

आता वर्षाचा खर्च कोरतोय, देवळाच्या भिंतीवर.
तेलाला इतके. दूतांच्या प्रवासाला इतके.
बळीच्या बैलाला, शिंगं सोन्यानं मढवून, इतके.
मग ती ओळ.
कुणाचं नाव काढलं ते लिहायचं कसं,
यावर अर्धी सकाळ गेली.
शेवटी ठरलं:
"दमासिआसला, दगडाच्या कामाबद्दल,
दोन द्राख्मा चार ओबोल."

बापानं आयुष्यभर लोकांची नावं घातली,
स्वतःचं कुठेच नाही.
माझं आमच्या लिपीत आठ अक्षरांचं.
शेवटच्या अक्षराला त्याच्यासारखीच
थोडी लांब शेपटी दिली.
क्लेओफान्तोस जवळ येऊन बघून गेला, बोलला काही नाही.

ह्या ओळीचे पैसे अक्षरावर.