कोल्ह्याची शेपूट

कानाझावात, टोफूच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही पाच जण आणि दोन यंत्रं.
एक मिटणारं, डबीसारखं, दोन पडद्यांचं.
एक रुंद, काळं, बोटांचे ठसे लगेच चुगली करणारं.
दोन्ही अजून बाजारात यायची होती
आणि दोघांनाही आमचा खेळ हवा होता,
निदान त्यांची माणसं तसं म्हणायची.
कागदपत्रांत आमचं नाव ‘तिसरा पक्ष’.
पहिला कोण, दुसरा कोण,
कुणी कधी सांगितलं नाही.

डबीवाल्यांचा माणूस आला
तेव्हा खाली बागेत बर्फाच्या भीतीने
पाइनच्या फांद्यांना दोऱ्या बांधत होते.
किमान वीस हजार प्रती, तो म्हणाला,
पैसे आगाऊ, छपाई आमच्याच कारखान्यात,
खपल्या नाहीत तर तुमच्या.
हे सगळं इतक्या नम्रपणे
की तो जिना उतरून गेल्यावरही
आम्ही थोडा वेळ वाकलेलेच राहिलो.

रुंदवाल्यांनी माणूस पाठवला नाही,
फोन नंबर पाठवला.
पलीकडे कुवाबारा. रात्री दीडलाही उचलायचा.
“तुमची मेमरी गळतेय, डावीकडून तिसऱ्या खोलीत,”
जणू आमच्याच छपराखाली
बादली धरून उभा आहे.
त्यांची पुस्तिका अर्धवट होती.
पान एकशे अकरानंतर थेट एकशे तेरा.
मधलं पान अजून लिहायचंय, तो म्हणायचा,
तोवर मला विचारा.

मिनेकोने कोल्हा काढला होता.
डबीत त्याच्या शेपटीला चार चित्रं मावत,
रुंदात अकरा.
चारांत शेपूट हलते.
अकरांत ती आधी थांबते,
हलावं का, याचा विचार करते,
मग हलते.

हिशेब बघणारे हानावा म्हणाले, दोन्हीकडे काढू.
पण दोन डगरींवर ठेवायला पाय लांब लागतात.
आमचे दहाच्या दहा पाय
एकाच टेबलाखाली, एकाच हीटरपाशी.

बँकेला सांगितलं, रुंद पडद्याला भविष्य आहे.

डिसेंबरात शाळेच्या फाटकापाशी
मुलं डब्या उघडत होती, मिटत होती.
टक्. टक्.
मोठमोठे खेळवाले तिकडे निघाले,
पंगतीतून हात न धुता उठावं तसे,
आणि आम्ही पानावर बसलेले,
वाढपी कधी येतो बघत.
तीन हजार एकशे चाळीस प्रती गेल्या.
मग एका रात्री कुवाबाराच्या नंबरवर
एक बाई, ध्वनिमुद्रित,
हा नंबर आता वापरात नाही म्हणाली.
तेत्सुजीने तिचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी कोल्हा डबीत गेला.
कोणती सात चित्रं काढायची
हे ठरवायला मिनेकोला दोन दुपारी लागल्या.
आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
चाळीस हजार खपल्या. थकलेलं भाडं दिलं.
हीटर नवा घेतला.
शेपटीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही,
टोफूवाल्याचा नातू सोडून.
त्याच्याकडे दोन्ही यंत्रं होती, तो लाडका होता.
आमच्या जिन्यावर बसून खेळता खेळता म्हणाला,
या कोल्ह्याला काहीतरी आठवत नाहीये.

आणि त्याच वसंतात, म्हणजे
रुंद यंत्राचं उत्पादन बंद झाल्यावर सात महिन्यांनी,
एक पाकीट आलं. वर पाठवणाऱ्याचं नाव नाही.
आत पान एकशे बारा.
नीट छापलेलं, आकृतीसकट,
समासात पेन्सिलीने दोन दुरुस्त्या.
तेत्सुजीने उभ्यानेच वाचलं,
मग खाली बसून पुन्हा वाचलं.
हे आधी कळतं तर, तो म्हणाला,
बारावं चित्रसुद्धा मावलं असतं.

मिनेको काही बोलली नाही.
खणात पेन्सिल शोधत होती.