मंगळवारचा खेळ

डुलूथला अक्षरांसकट सिनेमा फक्त मंगळवारी, दुपारी दोनला.
बाहेर सरोवर गोठलेलं, आत आम्ही सातजण.

मला नाही आवडत, खरं सांगतो.
नटाचं तोंड उघडायच्या आत
विनोद खाली येऊन बसलेला
आणि आयनो हसून मोकळी.
इतकी वर्षं आधी मी हसायचो,
मग तिच्या कानात ओरडून सांगायचो,
पुढच्या रांगा वळून बघायच्या.

परवा पडद्यावर एक बाई
स्वयंपाकघरात नुसती उभी.
खाली उमटलं: फ्रिजची घरघर थांबते.
आयनोनं माझं मनगट घट्ट धरलं.

मला तर ती चालू असल्याचंच
कळलं नव्हतं.

घरी येऊन बूट काढता काढता
तिनं विचारलं, आपला फ्रिज अजून घरघरतो का रे?
मी हातानंच म्हटलं, थांब,
ऐकून सांगतो.