माणसं मिळतील

जिन्याखालचा गाळा, सहा बाय आठ, टेंभीपाडा रोड.
पाटीवर लिहिलंय : माणसं मिळतील.
पेंटर अनुस्वार विसरला होता,
तो मी मागाहून नेलपॉलिशने दिला.

वहीला दोन बाजू.
डावीकडे काम मागणारे, उजवीकडे माणूस मागणारे.
मध्ये शिवण.
एकोणीस वर्षं मी त्या शिवणीवर बसून आहे.

डावीकडे आज
बी.कॉम. सात,
आणि "काहीही चालेल" म्हणून लगेच
"फक्त फिरतीचं नको" म्हणणारे तिघं.
उजवीकडे साकीनाक्याला लेथवर टर्नर,
मुलुंडच्या हॉस्पिटलात रात्रपाळीच्या सिस्टर चार,
विक्रोळीत तंदूरवाला,
आणि लिफ्टचा मेकॅनिक. त्यासाठी अठराव्या मजल्यावरून
एक आजोबा स्वतःच फोन करतात,
पाच दिवस जमीन बघितली नाही म्हणतात.

साकीनाक्याच्या शेठना शेवटी पेडणेकरांचा नंबर दिला.
वय एकाहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू.
टूल बोथट झालं की त्यांना कानानेच कळतं.
शेठ म्हणाले, तरुण नाही का कुणी?
म्हटलं, तुम्ही शेवटचा शिकाऊ पोरगा कधी ठेवला होता?
मग बराच वेळ फोनवर
नुसता पंखा ऐकू आला.

"माणूसच मिळत नाही हो, कुंदाताई."
दिवसातून वीसदा ऐकते.
अर्धंच असतं ते वाक्य.
उरलेलं अर्धं, "त्या पैशात",
सगळे चहाबरोबर गिळतात.

आणि एक गंमत. गंमत कसली.
गटारात उतरायला माणूस हवा
असा फोन इतक्या वर्षांत एकदाही आला नाही.
तिथे टंचाई नसते कधी.
ती माणसं कुठल्या वहीत लिहून ठेवलीत,
ती वही किती जुनी आहे,
मला ठाऊक आहे. तुम्हालाही.

गेल्या गुरुवारी आई बाथरूममध्ये पडली. खुबा.
मी, जिने अर्ध्या मुलुंडच्या म्हाताऱ्यांना बायका पुरवल्या,
वही उघडून बसले.
सुगंधा पवईला, चोवीस तास अडकलेली.
मर्सी इस्रायलला, तिथल्या एका आजीला
सूप भरवतानाचा फोटो पाठवते.
कल्पना धोत्रेची स्वतःची सासू अंथरुणाला.
तिला म्हटलं, जास्त देईन.
ती म्हणाली, किती जास्त?
मी रेंज गेल्यासारखं केलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या.
त्यांना सांगितलं, माणूसच मिळत नाही हो,
आणि चहाचा घोट घेतला.

घोट घशातच राहिला.

शनिवारी निनाद आला, सातांतला तिसरा.
कडक इस्त्री, प्लास्टिकच्या पिशवीत फाईल.
ऑफिसचं काही आलं का?
म्हटलं, रात्रीचं आहे. बसून.
एसी? पंखा आहे.
कम्प्युटरवर?
नाही रे. माझ्या आईजवळ.
बाथरूमचं मी बघेन. तू उठवून बसवायचं,
पाणी द्यायचं, कूस बदलायची.

त्याने फाईल या हातातून त्या हातात घेतली.
मी आकडा सांगितला. आधी ठरवला होता त्याहून मोठा.
माझाच आवाज जरा फाटला.
तो आकड्यावर काही बोलला नाही.
विचारलं, हात कुठे घालायचा?
पाठीखाली की मांडीखाली?

मी सांगायला तोंड उघडलं
आणि कळलं, मी फक्त नावं लिहीत आले.
सुगंधाला फोन लावला, स्पीकरवर.
पवईतून, कुणाला तरी थोपटता थोपटता,
तिने त्याला पहिलं विचारलं :
नखं कापलीस का रे?

निनाद हातांकडे बघत राहिला.
मी ड्रॉवरमध्ये नेलकटर शोधू लागले.